फौजदारबाईंची हनुवटी

फौजदारबाईंच्या घरात कधी मीठ संपायचं, कधी साखर संपायची, ऐन पाहुण्यांत गॅसही संपायचा. पण फौजदारबाईंचं उत्तर कधी संपलं नाही. "माहीत नाही" हे शब्द त्यांनी उभ्या जन्मात ओठांवर येऊ दिले नव्हते. रस्त्यात कुणी पत्ता विचारला तर त्याला रिकाम्या हातानं पाठवलं असं कधी झालं नाही. डावीकडे म्हणजे डावीकडे. पुढे जाऊन तो माणूस चुकला, तर चूक रस्त्याची. एकदा फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला त्यांनी असा काही पत्ता सांगितला, की तो दिवसभर फिरून संध्याकाळी त्यांच्याच दारात येऊन उभा राहिला. त्याला त्यांनी पाणी दिलं, आणि वर सुनावलं, "सांगितलं तसा गेला असतास, तर आला असतास का परत?"

त्या काही खऱ्या फौजदार नव्हत्या. बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगच्या बायकांवर देखरेख करता करता ते नाव पडलं आणि अंगाला चिकटलं. शाळा चौथीतच सुटली होती, पण बोलण्यात त्या कुणाला हार जायच्या नाहीत. कारखान्याच्या व्हॉलीबॉल संघात नेटवर त्यांच्या हातून स्मॅश सुटला, की समोरच्या बायका आधी डोळे मिटायच्या आणि मग हात वर करायच्या. पुढे गुडघे बोलायला लागले, तशी त्यांनी चेंडू सोडून लाल झेंडा हातात घेतला आणि रेषेवरच्या पंच झाल्या. चेंडू आत पडला तर झेंडा खाली, बाहेर पडला तर वर, कुणाच्या हाताला लागून गेला तर झेंड्याच्या टोकावर दुसरा तळवा. तेव्हापासून गावात कुठलाही सामना असो, एका कोपऱ्यावर फौजदारबाई ठरलेल्या. खेळाडू मुख्य पंचांशी वाद घालायचे, देवाशी घालायचे, पण फौजदारबाईंशी घालायचे नाहीत.

आज बायकांच्या सामन्यांची अंतिम फेरी होती. पोस्टवाल्या विरुद्ध बंबवाल्या, म्हणजे आग विझवायच्या खात्यातल्या मुली. पण फौजदारबाईंना जिंकण्या-हरण्याशी देणंघेणं नव्हतं. आज त्यांची सून परीक्षेला बसली होती.

सून दवाखान्यात एक्स-रे काढायची. लग्न होऊन आली तेव्हा व्हॉलीबॉलमध्ये दोन्ही बाजूंना सहा-सहा जणी असतात, एवढंसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. सासूबरोबर सामने बघता बघता नादाला लागली, शिट्टी घेतली, एकेक पायरी चढली. कानामागून आली आणि तिखट झाली, असं फौजदारबाई शेजारणींना सांगायच्या, आणि सांगताना चेहऱ्यावर अशी काही ऐट असायची, की ते तिखट जणू त्यांनीच कुटलं होतं. आज सून पहिल्यांदाच अंतिम सामन्यात मुख्य पंच म्हणून उंच स्टँडवर उभी राहणार होती. मोठ्या समितीचे परीक्षक आले होते. पास झाली तर परगावचे मोठे सामने मिळणार. नापास झाली तर पुन्हा दोन वर्षं शाळांच्या सामन्यांत शिट्ट्या फुंकायच्या.

सासू-सून एकाच मैदानावर नकोत, असं समितीतलं कुणीतरी कुजबुजलं होतं. ते फौजदारबाईंच्या कानावर आलं, आणि समितीच्या खोलीत जाऊन त्यांनी विचारलं, "माझ्याहून पक्की नजर कुणाची असेल तर त्याला उभा करा. आहे का कुणी?" खोलीत तिघं होते. तिघांनीही खिडकीबाहेर बघितलं.

सामन्याआधी सगळे पंच सामानाच्या खोलीत जमले. रबराचा वास, भिंतीला टेकवलेले खांब, कोपऱ्यात गुंडाळलेलं जुनं नेट. सून पांढऱ्या शर्टात सगळ्यांसमोर उभी राहिली.

"झेंडा लगेच दाखवा आणि मी बघेपर्यंत तसाच धरा. माझ्याकडे बघा, खेळाडूंकडे नको. आणि चेंडू दिसला नसेल, तर दोन्ही हात छातीवर आडवे घ्या. म्हणजे 'मला सांगता येत नाही'. त्यात कमीपणा नाही."

"हात छातीवर घ्यायचे ते शेवटचे," फौजदारबाई म्हणाल्या. "आम्ही अजून जिवंत आहोत."

बाकीचे रेषेवरचे पंच फिसकन हसले. मुख्य पंचांच्या खालोखालचे दुसरे पंच बँकेत कॅशियर होते, नेटच्या पलीकडे खाली उभे राहायचे. तेही हसले.

"आई, नियम आहे तो," सून म्हणाली.

"असू दे की. वापरला पाहिजे असं थोडंच आहे? घरात फायर एक्स्टिंग्विशर असतो म्हणून कुणी रोज आग लावतं का?"

सून बँकवाल्यांकडे वळली. "ब्लॉकवर बोटं लागली तर तुम्ही मला छातीजवळ, हळूच दाखवा. गॅलरीला नको, फक्त मला."

"बँकेत तीस वर्षं हेच केलंय," बँकवाले म्हणाले. "मॅनेजरला डोळ्यांनीच सांगायचं, की समोरचा माणूस डोकं खाणार आहे."

सामना सुरू झाला आणि मोजता मोजता चौथ्या सेटवर आला. दोन सेट पोस्टवाल्यांचे, एक बंबवाल्यांचा, आणि चौथ्यात पोस्टवाल्या मागे पडत चालल्या होत्या. त्या सेटच्या मध्यावर त्यांच्या एका उंच पोरीनं चेंडू असा खोल मारला, की तो फौजदारबाईंच्या रेषेवर, पार दुसऱ्या टोकाला जाऊन आदळला. त्याच क्षणी बंबवाल्यांची एक मुलगी मागे सरकत मध्ये आली. फौजदारबाईंना आधी तिची पाठ दिसली, मग भिंतीकडे उडालेला चेंडू दिसला. मधलं काही दिसलं नाही.

पण हात कधी थांबलाय? झेंडा वर गेला. बाहेर.

स्टँडवरून सुनेनं त्यांच्याकडे बघितलं. रोज बघायची त्यापेक्षा जरा जास्त बघितलं, भाताचं शीत दाबून बघावं तसं. मग शिट्टी वाजवली आणि झेंड्याप्रमाणेच निर्णय दिला. पोस्टवाल्यांनी हात पसरले, कुरकुर केली, पण झेंडा फौजदारबाईंचा होता. पोरी सर्व्हिस घ्यायला वळल्या. सेट बंबवाल्यांनी घेतला. दोन-दोन. आता शेवटचा, पंधरा गुणांचा.

नाणेफेक झाली. मधल्या विश्रांतीत सून पाण्याची बाटली घेऊन फौजदारबाईंच्या कोपऱ्यात आली. गॅलरीतून बघणाऱ्याला वाटलं असतं, सासूला पाणी द्यायला आली, काय गुणाची सून.

"आई, तो मागच्या सेटमधला चेंडू. दिसला होता?"

"झेंडा वर केला ना मी?"

"झेंडा बघितला. दिसला होता का ते विचारतेय."

फौजदारबाईंनी पाणी प्यायला सुरुवात केली. पाणी पिताना माणसाला बोलता येत नाही, ही फार सोयीची गोष्ट आहे. पण बाटली छोटी होती.

"तुमची हनुवटी वर गेली होती," सून हळूच म्हणाली.

"काय?"

"तुम्हाला खरंच माहीत असतं ना, तेव्हा तुम्ही कंटाळल्यासारखं सांगता. समोर बघतसुद्धा नाही. आणि माहीत नसतं, तेव्हा हनुवटी वर जाते आणि आवाज चढतो. कुकरची रिंग वरच्या फळीवर, म्हणालात. हनुवटी वर. रिंग निघाली फ्रिजमध्ये."

फौजदारबाईंचा हात आपोआप हनुवटीकडे गेला. एवढ्याशा पोरीनं आपल्या तोंडाचा एक्स-रे काढला!

"केव्हापासून बघतेस हे?"

"लग्न झाल्यावर महिनाभरात यांनीच सांगितलं मला."

"माझ्या पोरानं? आणि त्याला कुणी सांगितलं?"

"बाबांनी." सून जरा अडखळली. "घरात सगळ्यांना माहीत आहे, आई. धाकटीलासुद्धा. ती आधी हनुवटी बघते, मग ठरवते की वस्तू कुठे शोधायची."

धाकटी म्हणजे नात. वय वर्षं सहा.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथं मूठ कधीची उघडी होती, आणि अख्खं घर त्या तळहातावरच्या रेषा वाचत बसलं होतं. फौजदारबाईंचा चेहरा तापला. तोंडाशी एक जळजळीत वाक्य आलं होतं, सुनेच्या माहेरापासून सुरू होणारं. पण सून अजून बोलत होती, आणि तिचा आवाज घरातला नव्हता.

"मला तुमची हनुवटी दिसते, पण मी हनुवटीवरून निर्णय देऊ शकत नाही. परीक्षकांना काय सांगू, माझी सासू घरी असं करते म्हणून? मला फक्त झेंड्यावर चालायचंय. म्हणून झेंड्याला कळू दे, तुम्हाला काय कळलंय ते. एवढंच."

बझर वाजला. सून वळली आणि स्टँडकडे गेली. पाठ ताठ, चाल मोजकी. फौजदारबाईंनी बाटलीचं झाकण इतकं घट्ट पिळलं, की ते पुढे घरी मुलाला पक्कडीनं उघडावं लागलं.

शेवटचा सेट सुरू झाला. फौजदारबाई कोपऱ्यावर उभ्या होत्या, पण आता त्यांच्याकडे दोन रेषा सांभाळायला होत्या: एक जमिनीवरची आणि एक जबड्याची. पडलो तरी नाक वर, हे ऐकलं होतं. हनुवटीचं कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ती मुद्दाम खाली दाबून धरली. मग वाटलं, आता आपण रुसलेल्या पोरीसारख्या दिसत असू. सोडून दिली. मग चेंडू आला, कोपऱ्याला चाटून आत पडला, आणि हातानं झेंडा आपसूक खाली केला. बंबवाल्यांचा कोच ओरडला, गॅलरी ओरडली. फौजदारबाई कोचच्या डोक्यावरून मागच्या पंख्याकडे बघत राहिल्या. तो पंखा कित्येक वर्षं एकाच बाजूला कलून फिरत होता. शिट्टी वाजली, गुण लागला, आणि त्यांच्या ध्यानात आलं, की आपण खरंच कंटाळल्यासारख्या उभ्या होतो. म्हणजे पोरगी खोटं बोलत नव्हती.

गुण चढत गेले. चौदा-तेरा. पोस्टवाल्या पुढे. एक गुण मिळाला की चषक त्यांचा.

पोस्टवाल्यांच्या कॅप्टननं चेंडू उचलून दिला. तीच उंच पोरगी उडाली आणि तिनं तो मागच्या रेषेवर हाणला. बंबवाल्यांच्या एका मुलीनं आडवी उडी घेतली आणि लाकडी जमिनीवर पोटावर घसरत थेट फौजदारबाईंच्या पुढ्यात आली. तिच्या अंगापलीकडे चेंडू आपटल्याचा आवाज झाला. धप्प. बस, एवढंच. आवाज. चेंडू दिसला तेव्हा तो उसळून प्रेक्षकांत गेला होता.

हॉल फुटला. पोस्टवाल्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या. बंबवाल्या दोन्ही हात वर करून "बाहेर, बाहेर" नाचायला लागल्या. पडलेली मुलगी पडल्यापडल्याच बोट हलवत होती. सूनबाईच्या समोर नेटवर चेंडू अडवायला, ब्लॉकला, उडालेल्या तिघींचे हात होते. तिला मागची रेषा दिसणं शक्य नव्हतं. ती फौजदारबाईंकडे बघत होती.

सगळेच बघत होते.

फौजदारबाईंना वाटलं, आतच असणार. मग वाटलं, आवाज जरा लांबून आला, बाहेर असणार. झेंड्याची काठी तळहातात गरम झाली. वर केला तरी कुणी बोलणार नव्हतं, खाली केला तरी नव्हतं. एवढी वर्षं कमावलेलं नाव होतं, कुठल्याही बाजूला खपलं असतं. आणि त्यांना कळलं, हनुवटी चालली. आपली आपण, दळणाला निघाल्यासारखी, वर वर चालली.

स्टँडवर सून शांत उभी होती. तिनं भुवई उडवली नाही, मान हलवली नाही. नुसती थांबली. लोक ओरडत होते, परीक्षक खुर्चीत पुढे सरकले होते, आणि पोरगी थांबली होती. घाईत उत्तर मागणारे फौजदारबाईंना आयुष्यभर भेटले. खरं उत्तर यायची वाट बघत उभं राहणारं माणूस हे पहिलंच.

त्यांनी हनुवटी खाली आणली. मग दोन्ही हात छातीवर आडवे घेतले, झेंडा खांद्याशी, आणि अशा उभ्या राहिल्या की जणू अख्ख्या कारखान्याला ताकीद देताहेत. मला दिसलेलं नाही. कुणाचं काही म्हणणं आहे?

आरडाओरडा हळूहळू खाली बसला. गॅलरीत कुणीतरी विचारलं, "काय झालं? बरं नाही का त्यांना?" ही खूण लोकांनी पाहिलीच नव्हती. निदान या कोपऱ्यावर तरी नाही.

सुनेनं बँकवाल्यांकडे बघितलं. त्यांनी छातीजवळ हात उघडे करून दाखवले: माझ्याकडेही काही नाही. तिनं शिट्टी वाजवली आणि दोन्ही मुठींचे अंगठे वर केले. हा गुण पुन्हा खेळायचा.

पोस्टवाल्यांची कॅप्टन ताडताड स्टँडपाशी आली. जिंकलेला चषक हातातून निसटलेला, तोंड लालेलाल.

"मॅडम, का?"

"रेषेवरच्या पंचांना दिसलं नाही. मलाही दिसलं नाही. पुन्हा खेळा."

"त्यांना?" कॅप्टननं वळून कोपऱ्याकडे बघितलं. फौजदारबाईंचे हात अजून छातीवरच होते. "त्यांना दिसलं नाही?"

"नाही दिसलं."

कॅप्टन परत वळली आणि आपल्या पोरींना म्हणाली, "चला गं. बाईंना दिसलं नाही म्हणजे परमेश्वरालाही दिसलं नसणार. सर्व्हिस घ्या."

पुन्हा चेंडू खेळात आला. यावेळी तो मरता मरेना. चार वेळा इकडून तिकडे गेला, खांबाला घासून परत आला, आणि शेवटी उंच पोरीनं जीव खाऊन मारला. समोरून बंबवाल्यांच्या दोघी उडाल्या. चेंडू त्यांच्या हातांवरून सणाणत मागे आला आणि रेषेच्या हातभर बाहेर पडला. उघड उघड बाहेर. बंबवाल्यांनी आरोळी ठोकली.

फौजदारबाईंनी झेंडा वर केला आणि दुसरा तळवा त्याच्या टोकावर ठेवला. हाताला लागून गेला. वरच्या मुलीची करंगळी मागे वाकलेली त्यांनी बघितली होती. नेटजवळ बँकवाल्यांनीही छातीशी एका हाताची बोटं दुसऱ्या हातावर हळूच घासली. सुनेची शिट्टी वाजली आणि हात पोस्टवाल्यांच्या बाजूला गेला. सामना संपला.

बंबवाल्यांचा कोच धावत आला. "लागला नाही! कुणाला लागला? या आता दोन मिनिटांपूर्वी म्हणत होत्या, दिसत नाही म्हणून!"

"म्हणत होतेच की," फौजदारबाई पंख्याकडे बघत म्हणाल्या. "नाही दिसलं तेव्हा नाही दिसलं म्हटलं. आता दिसलं. उजवी करंगळी. विचार तुझ्या पोरीला, दुखतेय का."

कोचनं वळून बघितलं. त्याची पोरगी करंगळी दुसऱ्या मुठीत धरून उभी होती. बापुडवाण्या तोंडानं म्हणाली, "जराशीच लागली, सर." कोच प्रतिस्पर्ध्यांशी हात मिळवायला निघून गेला.

फौजदारबाई झेंडा गुंडाळत नेटच्या खांबापाशी रेंगाळल्या. तिथून परीक्षकांचं बोलणं ऐकू येत होतं, हा काही त्यांचा दोष नव्हता. परीक्षक खोकल्याची गोळी चघळत होते.

"चौथ्या सेटमध्ये एका चेंडूवर तुम्ही थांबलात. खात्री नव्हती?"

"नव्हती," सून म्हणाली.

"मग काय केलंत?"

"पंचांच्या झेंड्यावर विश्वास ठेवला."

"आणि शेवटच्या सेटमध्ये? एवढा हॉल डोक्यावर घेतला होता लोकांनी."

"तेव्हाही तेच केलं, सर."

परीक्षकांनी गोळी या गालातून त्या गालात नेली. फौजदारबाईंनी झेंडा तिसऱ्यांदा गुंडाळला.

"शिट्टी जरा जोरात वाजवा," ते अखेर म्हणाले. "मोठ्या हॉलमध्ये ऐकू जायला हवी. पुढच्या महिन्यापासून मोठेच हॉल मिळतील तुम्हाला." मग खांबाकडे वळून म्हणाले, "आणि बाई, ते हात थोडे वर घ्यायचे असतात. तुमचे पोटावर आले होते."

"पहिलीच खेप होती," फौजदारबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही तोंडात गोळी ठेवून बोलू नका, निम्मं ऐकू येत नाही."

घरी चहा झाला, सुनेचं कौतुक झालं, मुलानं आईच्या बाटलीचं झाकण पक्कडीनं उघडलं. फौजदारबाई खुर्चीत बसून घरातल्यांना एकेक करून न्याहाळत होत्या. नवरा पेपरमागे, मुलगा पक्कड पुसतोय, नात जमिनीवर चित्र रंगवतेय. चोरांचा अड्डा सगळा.

"आई, कात्री कुठाय?" मुलानं विचारलं. "हिच्या नव्या शिट्टीची दोरी कापायचीय."

फौजदारबाईंनी हनुवटी उचलली. अशी तशी नाही, थेट छताच्या दिशेनं. आणि आवाज चढवून म्हणाल्या, "शिलाई मशीनच्या खणात!"

पेपर किंचित खाली आला आणि पुन्हा वर गेला. मुलानं बायकोकडे बघितलं. नातीनं आजीच्या तोंडाकडे बघितलं, रंगाची पेटी बाजूला सारली आणि शहाण्यासारखी स्वयंपाकघराकडे निघाली. मुलगा बाथरूममधलं कपाट उघडायला गेला. नवरा उठून चपलांच्या फळीत बघायला लागला. खण उघडायचे आवाज, डबे सरकवायचे आवाज, "इथं नाही", "तिकडे बघ". फौजदारबाई सावकाश चहा पीत होत्या.

सून जागची हलली नव्हती. तिनं सासूकडे एकदा नीट बघितलं, भाताचं शीत दाबून बघावं तसं. मग उठली, शिलाई मशीनचा खण ओढला आणि आतून कात्री काढली.

फौजदारबाई कंटाळल्यासारख्या खिडकीबाहेर बघत होत्या.

सुनेनं कात्री टेबलावर ठेवली, दोन्ही मुठी उचलल्या आणि मैदानावर केले होते तसे दोन्ही अंगठे वर केले.